पेढी, पोथी आणि छापखाना : शेठ हिराचंद नेमचंद यांच्या चरित्राची प्रस्तावना

सोलापुरात वालचंद हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. कला व शास्त्र महाविद्यालय त्यांच्या नावाचे, अभियांत्रिकीचे महाविद्यालयही त्यांच्याच नावाचे. सांगलीला गेलात तरी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कमानीवर तेच नाव आहे आणि इंदापूर तालुक्यात तर एक अख्खे गाव वालचंदनगर म्हणून ओळखले जाते. जहाजे, विमाने आणि मोटारी या देशात बांधल्या जाव्यात म्हणून ज्या माणसाने इंग्रज सरकारशी जन्मभर झुंज घेतली, त्याचे नाव घरोघरी असणे रास्तच आहे. पण त्याच सोलापुरात एक वाणिज्य महाविद्यालय आणि एक जुने वाचनालय ‘हिराचंद नेमचंद’ या नावाने उभे आहे. हिराचंद कोण, असे तिथे येणाऱ्या दहा जणांना विचारले तर नऊ जण ‘वालचंदशेठचे वडील’ एवढेच सांगतील. दहावा गप्प राहील.

हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. हिराचंद नेमचंद दोशी हे वालचंदांचे वडील नसते तरी त्यांचे चरित्र लिहावेच लागले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस-पंचवीस वर्षांत एका आडगावच्या व्यापाऱ्याने गादीवर बसल्या बसल्या एका संपूर्ण समाजाला वाचायला लावले. त्यासाठी त्याने मासिक काढले, ग्रंथ छापण्याचा आग्रह धरला, शेकडो मैलांवरच्या बंद पोथ्यांच्या मागे तो लागला. हे करत असताना कापसाचा आणि हुंड्यांचा धंदाही त्याने सोडला नाही. या चरित्राचा विषय तो माणूस आणि त्याचे घर हा आहे. मुलाची गोष्ट त्यात येते, पण ती या घरातली एक गोष्ट म्हणून येते.

आधी ते घर कुठून आले ते पाहू. दोशी हे दिगंबर जैनांमधले हुमड जातीचे. मूळ सौराष्ट्रातल्या वांकानेरचे. गुजरातेतली आणि सौराष्ट्रातली अशी अनेक हुमड कुटुंबे व्यापाराच्या वाटेने दख्खनेत उतरली आणि फलटण, बारामती, इंदापूर, नातेपुते, अकलूज, पंढरपूर, सोलापूर अशा बाजारपेठांच्या गावी स्थिरावली. भीमा-नीरेच्या पट्ट्यात आजही दोशी, शहा, गांधी, मेहता ही आडनावे जिथे भेटतात, तिथे बहुधा याच वाटेने आलेले पूर्वज असतात. घरात गुजराती, बाजारात मराठी, मंदिरात संस्कृत-प्राकृत आणि सोलापूरसारख्या गावी शेजाऱ्याशी कानडी-तेलुगू, असा हा संसार. परका म्हणून आलेला व्यापारी दोन पिढ्यांत गावचा होतो की कायमचा उपराच राहतो, हे तो गावाशी व्यवहारापलीकडे काय जोडतो यावर ठरते. हिराचंदांच्या चरित्राकडे मी या नजरेने पाहतो.

सोलापूर तेव्हा काय होते? १८५२ मध्ये नगरपालिका झाली. १८६० मध्ये जीआयपी रेल्वे इथे येऊन पोचली. बोरघाटातला चढाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि सोलापूरच्या कापसाला मुंबईचे बंदर गाठायला अखंड रूळ मिळाला. नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध संपले आणि भाव कोसळला, पण रेल्वे राहिली. तिच्या आधाराने सोलापूर मोठे होत गेले. मुंबईचे शेठ मोरारजी गोकुळदास यांनी इथे कापडगिरणी काढली. १८७७ मध्ये ती चालू झाली आणि सोलापूरकर तिला पुढे ‘जुनी मिल’ म्हणू लागले. तेलंगणातून पद्मशाली विणकर येतच होते. गिरणीच्या भोंग्यावर पेठा जाग्या होऊ लागल्या. १९०१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती पंच्याहत्तर हजारांवर गेली. तरी मुंबई-पुण्याच्या लेखी ते आडगावच होते. मुंबई-पुण्यात सभा होत, वर्तमानपत्रे निघत, चळवळी उभ्या राहत. सोलापूर म्हणजे कापूस, ज्वारी आणि दुष्काळ.

या गावातली पेढी कशी चाले हे आजच्या वाचकाला थोडे सांगायला हवे, कारण हिराचंदांचे पुढचे सगळे काम त्याच शिस्तीतून आले आहे. ओटीवर पांढरी गादी, लोड-तक्के, समोर उतरते लाकडी मेज, त्यावर लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या. दिवसाचा प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत चढे आणि मग तिथून ज्याच्या त्याच्या नावे खतावणीत जाई. रात्री शिल्लक जुळल्याशिवाय दिवाणजी उठत नसे. कापसाच्या हंगामात बैलगाड्या लागत, तोलार वजन पुकारी, अडत्या आणि दलाल आपापला वाटा ठरवीत, माल गाठी होऊन स्टेशनाकडे जाई. पैसा मात्र गाडीने फारसा जात नसे. तो हुंडीवर जाई. दर्शनी हुंडी दाखवताच पटायची, मुदतीची हुंडी ठरल्या दिवशी. सोलापूरच्या पेढीने लिहिलेला कागद मुंबईच्या पेढीने बिनबोभाट वटवायचा, याला कायद्याचा आधार थोडा आणि शब्दाचा जास्त. हुंडी एकदा परत आली की पेढीचे नाव गेले. जैन घरात नव्या वह्या दिवाळीला उघडतात आणि दिवाळीची अमावास्या हाच महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. वहीपूजन आणि निर्वाणपूजा एकाच पहाटेच्या आगेमागे होते. ज्याचे बालपण या दोन गोष्टी एकत्र पाहण्यात गेले, त्याला धर्माच्या कामातही हिशेब चोख ठेवावासा वाटला तर नवल नाही.

या घराचा दुसरा धंदा सावकारीचा होता आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, दस्तऐवज जाळले, आणि पुणे-नगर जिल्ह्यांत ते लोण पसरले. त्या उठावाचा रोख मुख्यतः गुजराती आणि मारवाडी सावकारांवर होता. १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कर्जनिवारणाचा कायदा केला, तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत पुणे, नगर, साताऱ्याबरोबर सोलापूर होते. मध्यंतरी १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ येऊन गेला होता आणि त्याचा तडाखा ज्या जिल्ह्यांना सर्वांत जास्त बसला त्यांतही सोलापूर होते. हिराचंदांची उमेदीची वर्षे ही अशी आहेत. दुष्काळात कुणाची जमीन कुणाकडे गेली, कुणाचे व्याज किती चढले, हे प्रश्न त्या काळच्या प्रत्येक पेढीला विचारले पाहिजेत. या घराचे दान मोठे होते म्हणून ते प्रश्न मिटत नाहीत. तसेच सावकाराच्या पैशातून झालेले काम म्हणून त्या कामाचे मोलही कमी होत नाही. चरित्र वाचणाऱ्याने या दोन्ही गोष्टी एकदम डोळ्यांसमोर ठेवाव्यात, अशी माझी अपेक्षा आहे.

सावकारी अवघड होत चालली, गिरण्या येत चालल्या, मोठा पैसा मुंबईहून येऊ लागला. अशा वेळी लहान पेढीवाल्यासमोर दोन-तीन वाटा असतात. गिरणीत शिरावे, जमिनीत पैसा घालावा किंवा आहे ते सांभाळून बसावे. सोलापुरात गिरणीच्या वाटेने जाऊन थोर झालेले व्यापारी झाले. अप्पासाहेब वारद यांच्या इंद्रभुवनाचे वैभव आज महापालिकेची इमारत म्हणून सगळे शहर पाहते. हिराचंदांनी पेढी सांभाळली, पण आपला जीव ओतला तो भलत्याच ठिकाणी, छापील कागदात.

१८८४-८५ च्या सुमारास त्यांनी सोलापुरातून ‘जैन बोधक’ हे मासिक सुरू केले. जैनांच्या देशी भाषांतल्या नियतकालिकांत ते अगदी पहिल्या काहींपैकी आहे, आणि मराठीपुरते बोलायचे तर त्याच्या आधीचे नाव घेता येत नाही. ‘केसरी’ निघून तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षे झाली होती. पुण्यात शाळा काढणाऱ्या, इंग्रजी शिकलेल्या पदवीधरांनी पत्र काढणे वेगळे आणि सोलापूरच्या बाजारात बसणाऱ्या माणसाने ते काढून टिकवणे वेगळे. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांनी केलेली भाषेची निवड. घरची भाषा गुजराती, भाईबंद गुजराती, पैसेवाला वाचकवर्गही बराचसा गुजराती. तरी मासिक मराठी. कारण या भागातला बहुसंख्य जैन हा सांगली-कोल्हापूरकडचा शेतकरी चतुर्थ, मराठवाड्या-विदर्भाकडचा सैतवाळ, गावोगावचा कासार. तो मराठी बोलत होता आणि आपल्या धर्माचे ग्रंथ त्याला कळत नव्हते. हिराचंदांनी आपल्या जातीसाठी पत्र काढले नाही, त्यांनी आपल्या प्रांतातल्या साधर्मिकांसाठी पत्र काढले. वर जो प्रश्न विचारला, व्यापारी गावचा कधी होतो, त्याचे उत्तर मला इथे सापडते.

छापण्याला तेव्हा केवढा विरोध होता याची आज कल्पना येणार नाही. शास्त्र हाताने लिहावे, सोवळ्यात उघडावे, रेशमी वेष्टनात बांधून ठेवावे, अशी शतकांची रीत. छापखान्यात शाई कशाची, रुळाला काय लावलेले, खिळे जुळवणारा कोण, कागद कुणाच्या हातून गेला, आणि फाटले-विटले की जिनवाणी वाण्याच्या पुडीत जाणार, असे एकेक आक्षेप होते. ते भाबडे वाटले तरी मनापासूनचे होते. छापील ग्रंथ मंदिरात येऊ द्यायचे नाहीत असे ठराव ठिकठिकाणी होत होते, आणि छापणाऱ्यांवर बहिष्काराची भाषा होत होती. व्यापाऱ्याला बहिष्कार परवडत नाही. त्याचा धंदा, सोयरिकी, पत, सगळे जातीच्या पंगतीवर अवलंबून. तरीही हिराचंदांनी छपाईची बाजू लावून धरली. मूळ ग्रंथ मराठी अर्थासह छापले गेले पाहिजेत, हा त्यांचा हेका कायम राहिला. समाजातल्या सुधारणेच्या प्रश्नांवर बोधकातून चर्चा चालवायची, पाठशाळा काढायच्या, मुलांसाठी वसतिगृहे उभारायची, या सगळ्याचा पाया वाचता येणारा माणूस हाच होता. सोलापुरात १८८५ मध्ये सुरू झालेली पाठशाळा आज ‘श्री ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळा’ या नावाने चालते. वालचंद आणि हिराचंद यांच्या नावांची महाविद्यालये याच संस्थेची आहेत.

आता मूडबिद्रीची हकिगत. हिराचंदांच्या आयुष्यातला हा भाग मला सर्वांत थोर वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो.

कर्नाटकात मंगळूरच्या वरच्या अंगाला मूडबिद्री हे जैनांचे तीर्थ. तिथल्या सिद्धांत बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, ताडपत्रांवर जुन्या कानडी लिपीत लिहिलेल्या पोथ्या होत्या. षट्खंडागम या दिगंबरांच्या मूळ आगमावर वीरसेनाचार्यांनी नवव्या शतकात लिहिलेली धवला टीका, तिच्या जोडीची जयधवला, आणि महाधवल. धवला एकटीच बहात्तर हजार श्लोकांएवढी. सगळ्या हिंदुस्थानात या ग्रंथांच्या प्रती फक्त तिथे उरल्या होत्या. यात्रेकरू जात, पुजारी वेष्टन सोडून पाने दाखवी, लोक नमस्कार करत, द्रव्य ठेवत आणि परतत. वाचत कुणीच नसे. ती लिपी वाचणारे आणि ती प्राकृत समजणारे विद्वान जवळजवळ संपले होते, आणि ताडपत्रे झिजत चालली होती.

मुंबईचे मोत्यांचे व्यापारी शेठ माणिकचंद हिराचंद १८८३ च्या सुमारास संघ घेऊन तिथे गेले. त्यांनी पोथ्या पाहिल्या, त्यांच्या अवस्थेने ते अस्वस्थ झाले, आणि परतल्यावर त्यांनी सोलापूरला आपल्या मित्राला, हिराचंद नेमचंदांना, पत्र लिहिले. पुढच्याच वर्षी हिराचंद स्वतः मूडबिद्रीला गेले. मंगळूरला रेल्वे पोचली ती १९०७ मध्ये. त्याआधीचा हा प्रवास, तोही पेढी मागे टाकून. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री ती लिपी वाचू शकत. त्यांच्याकडून हिराचंदांनी काही पाने वाचवून घेतली. नुसते दर्शन घेऊन ते परतले नाहीत, त्यांनी ग्रंथ ऐकला. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

मनात आले आणि झाले, असे हे काम नव्हते. मध्ये दहा-अकरा वर्षे गेली. १८९५ च्या सुमारास दोघे मित्र पुन्हा त्या कामाला लागले. शंभर-शंभर रुपयांचे साहाय्यक जमवत जमवत चौदा हजारांचा निधी उभा केला. इथे पेढीवरचा माणूस दिसतो. एकाच धनिकाच्या पायरीवर न जाता पुष्कळांची थोडी थोडी भागीदारी घ्यायची, म्हणजे काम कुणा एकाचे न राहता समाजाचे होते आणि एक भागीदार गळाला तरी अडत नाही. ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्ये यांना नकला करायला नेमले आणि १८९६ मध्ये लेखन सुरू झाले. पुढे ब्रह्मसूरी वारले, काम गजपतींवर आले. सगळ्या पोथ्यांच्या नकला व्हायला पाव शतक लागले. हीच वर्षे सोलापुरात प्लेगची आणि संवत १९५६ च्या, म्हणजे ‘छप्पनच्या’, दुष्काळाची.

आता यातला कठीण भाग. मूडबिद्रीच्या पंचांची अट होती की मूळ पोथ्या तर नाहीच, पण नव्या नकलाही गावाबाहेर जायच्या नाहीत. गजपती उपाध्यांनी रोज नेमून दिलेली नकल करता करता घरी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने कानडी लिपीत आणखी एक प्रत गुपचूप तयार केली. ती घेऊन ते आधी सोलापूरला हिराचंदांकडे आले. ज्या ग्रंथासाठी हा माणूस इतकी वर्षे झटत होता, तो ग्रंथ त्याच्या दारात येऊन उभा राहिला. हिराचंदांनी तो ठेवून घ्यायला नकार दिला आणि माणिकचंदांनाही तसेच कळवले. मूडबिद्रीच्या लोकांना दिलेला शब्द मोडून आलेली वस्तू त्यांना नको होती. मग गजपती उत्तरेकडे गेले, सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी ती प्रत ठेवून घेतली, तिच्यावरून नागरीत प्रती झाल्या आणि त्याही गुपचूप पसरल्या. अखेर १९३९ मध्ये प्रा. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून धवलेचा पहिला खंड छापून काढला, तो या फुटलेल्या प्रतींच्याच आधारावर. ही हकिगत त्यांनीच त्या खंडाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे.

हिराचंदांचा नकार बरोबर होता का? यावर मी पुष्कळ विचार केला आहे. गजपती-लक्ष्मीबाईंनी ते धाडस केले नसते तर धवला आणखी किती वर्षे कोंडून राहिली असती कोण जाणे. ज्ञानाच्या बाजूने पाहिले तर त्या दांपत्याचे उपकार मोठे आहेत, आणि त्यांची नावे घेतल्याशिवाय हा इतिहास सांगू नये. पण हिराचंदांना मी दोष देत नाही. हुंडीच्या जगात वाढलेल्या माणसाने शब्द दिला होता. ज्या पंचांना वर्षानुवर्षे समजावून त्यांनी दार किलकिले करून घेतले होते, त्यांच्या पाठीमागून खिडकीतून माल घेणे त्यांना जमले नाही. ग्रंथ बाहेर यावा ही त्यांची तळमळ आणि सचोटी या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या दिवशी दोन्ही एकदम पाळता येत नव्हत्या, आणि त्यांनी सचोटी पाळली. एवढा मोठा पेच ज्याच्या आयुष्यात आला त्याला नुसते ‘वालचंदांचे वडील’ म्हणून सोडून देता येत नाही.

घरातल्या बायकांविषयी एकोणिसाव्या शतकातली चरित्रे फार कमी बोलतात. व्यापाऱ्यांच्या घरच्यांविषयी तर जवळजवळ काहीच नाही. वालचंदांची आई राजूबाई त्यांच्या जन्मानंतर लवकरच वारल्या आणि इतिहासात त्यांच्याविषयी एवढेच वाक्य उरले. पण हिराचंदांच्या कन्या कंकुबाई यांच्याबाबत तसे झाले नाही, आणि त्याचे श्रेय त्यांच्या वडिलांना व त्यांना स्वतःला आहे. कंकुबाईंना अकाली वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला माजघराचा कोपरा आणि व्रतवैकल्ये येत. हिराचंदांनी मुलीला शास्त्र शिकवले. तिकडे मुंबईत त्यांचे मित्र माणिकचंद यांची कन्या मगनबाई यांच्यावरही तोच प्रसंग गुदरला होता, आणि त्या बापानेही मुलीच्या हाती पुस्तक दिले. मगनबाई, कंकुबाई आणि अंकलेश्वरच्या ललिताबाई या तिघींनी मिळून मुंबईच्या श्राविकाश्रमाचे काम उभे केले. विधवा आणि निराधार स्त्रियांना शिकवून शिक्षिका म्हणून स्वतःच्या पायावर उभे करण्याचे ते काम होते. दोन मित्रांनी मिळून पोथ्या उघडल्या आणि त्यांच्या दोन मुलींनी मिळून शाळा चालवली. सोलापुरात पुढे पंडिता सुमतीबाई शहांनी श्राविका संस्थेचा जो मोठा विस्तार केला, त्याला जी जमीन लागत होती ती या आधीच्या पिढीने नांगरून ठेवली होती. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याची आठवण आपण योग्यच ठेवतो. त्याच काळातल्या या कामाची ओळख जैन समाजाबाहेर फारशी कुणाला नाही, ही उणीव भरून निघाली पाहिजे.

आता मुलाकडे वळू. वालचंद २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात जन्मले. ‘जैन बोधक’ निघाला तेव्हा ते दोन-तीन वर्षांचे होते. सोलापूरच्या सरकारी हायस्कुलातून १८९९ मध्ये मॅट्रिक झाले, मुंबईला सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात काही काळ होते, मग पेढीवर आले. पेढीत मन रमले नाही. रेल्वेतले कारकून लक्ष्मणराव बळवंत फाटक नोकरी सोडून कंत्राटदारीत उतरले होते. वालचंदांनी त्यांच्याशी भागी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात केली. हाती पैसा असलेला शेठचा मुलगा आणि हाती अनुभव असलेला ब्राह्मण कारकून, ही भागी जुळली आणि पुढची सगळी मजल त्यातून निघाली. ज्या बोरघाटाने १८६३ मध्ये सोलापूरचा कापूस मुंबईला नेला, त्याच घाटातले बोगदे खणण्याचे काम पुढे वालचंदांच्या कंपनीने केले.

१९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली तेव्हा वालचंदांच्या जोडीला नरोत्तम मोरारजी होते. हे नरोत्तम म्हणजे सोलापूरची जुनी मिल काढणाऱ्या मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव. ५ एप्रिल १९१९ रोजी या कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनकडे निघाली आणि तो दिवस आजही देशाचा नाविक दिन म्हणून पाळला जातो. समुद्र ज्या गावापासून कित्येक कोस दूर, त्या गावच्या गिरणीवाल्याचा आणि पेढीवाल्याचा असे दोन मुलगे त्या बोटीमागे होते. सोलापूरकरांनी हे अभिमानाने सांगावे. पुढचे विमानांचे, जहाजबांधणीचे आणि मोटारींचे पर्व सर्वज्ञात आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. वालचंदांना मुलगा नव्हता. १९५३ मध्ये ते वारले आणि गुलाबचंद, रतनचंद, लालचंद या धाकट्या सावत्र भावांनी आणि त्यांच्या मुलांनी उद्योग पुढे नेले. साखर कारखान्यांसाठी आणि मिठाईसाठी रावळगावचे नाव घरोघरी गेले ते याच घराण्यामुळे.

बापाचा आणि मुलाचा मार्ग वेगळा होता असे सर्रास म्हटले जाते. एक धार्मिक, दुसरा उद्योगी. मला ते तितकेसे पटत नाही. पोथी असो की बोट, ‘हे आपल्या हाती असले पाहिजे’ हा हट्ट दोघांचा एकच. दुसऱ्याच्या मर्जीवर दर्शन घेऊन परत यायचे दोघांनाही मान्य नव्हते. थोडे थोडे भांडवल जमवून मोठे काम उचलायचे ही रीतही एकच, आणि वर्षानुवर्षे नकार पचवण्याची चिकाटीही एकच. फरक एवढाच की मुलाच्या कामाला मुंबईचे भांडवल आणि स्वदेशीची लाट मिळाली, बापाच्या कामाला सोलापूरची पेढी आणि जातीचा विरोध.

हिराचंदांनी लावलेले रोप सोलापुरात मात्र वाढत राहिले. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली सगळी मिळकत देऊन जैन संस्कृती संरक्षक संघ उभा केला आणि त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेत डॉ. आ. ने. उपाध्ये व हिरालाल जैन यांनी संपादिलेली ‘तिलोयपण्णत्ती’ १९४३ मध्ये निघाली. पंडित जिनदासशास्त्री फडकुले यांनी इथेच बसून ग्रंथ मराठीत आणले. धवलेच्या खंडांची पुनर्मुद्रणेही नंतर याच ग्रंथमालेने काढली. ज्या पोथ्यांची पाने ऐकायला हिराचंद मूडबिद्रीला गेले होते, त्या आता सोलापूरच्या छापाच्या झाल्या आहेत.

वाचकाला एक विनंती करून थांबतो. या घराचा आणि या शहराचा इतिहास अजून पुरता लिहिला गेलेला नाही, कारण त्याची साधने घराघरांत विखुरलेली आहेत. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अकलूज, फलटण, बारामती इथल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर मोडी आणि गुजराती वह्या, हुंड्यांची बंडले, ‘जैन बोधका’चे जुने अंक, लग्नपत्रिका, वडीलधाऱ्यांची पत्रे पडून असतील. वाडा पाडून इमारत बांधताना हे सगळे आधी रद्दीत जाते. तसे करू नका. एक वही फेकण्याआधी ती वाचू शकणाऱ्या माणसाला दाखवा, गावच्या वाचनालयाला द्या, निदान तिची छायाचित्रे काढून ठेवा. पुढच्या चरित्रकाराला त्यांची गरज पडणार आहे.